चहा टाकायला गेलेली बाई

सहकुटुंब चित्रपट पाहायला जाणे हा प्रकार बेळगावात अजूनही लग्नकार्याइतक्याच गांभीर्याने घेतला जातो, आणि त्या रविवारी तर आम्ही नऊ जण होतो: पुण्याहून आलेली मेहुणी, साडूभाऊ आणि त्यांची दोन मुले, खानापूरची आत्या आणि आम्ही घरचे चौघे. कोणता चित्रपट पाहायचा यावर सकाळच्या चहापासूनच खल सुरू झाला. आत्याला रंगभूमीवर मुरलेली एक ज्येष्ठ अभिनेत्री हवी होती, साडूभाऊंना विनोदी नट, मुलीला मालिकेतून नुकताच वर आलेला देखणा तरुण, आणि मला कोणत्याही परिस्थितीत मारामारी नको होती. ही सगळी मंडळी एकाच चित्रपटात असल्याचे मुलाने मोबाइल पाहून जाहीर केले. भांडण मिटल्याच्या आनंदात कोणाच्या हे लक्षातच आले नाही की निर्मात्यानेही तो चित्रपट नेमका असाच, घरातल्या प्रत्येकाची समजूत काढत, बनवला असणार.

चित्रपटाचे नाव मी घेणार नाही, कारण त्यातील एकाही कलावंतावर माझा राग नाही. पाच जोड्या आणि एक एकटी बाई अशी अकरा नामवंत माणसे त्यात होती, आणि भित्तीपत्रकावर ती सगळी एकमेकांच्या खांद्यांवरून अशी डोकावत होती, की खानापूरची शेवटची बस चुकू नये म्हणून दारात गर्दी झाली आहे असे वाटावे. लांबी 140 मिनिटांची. अंधारात दुसरे काही करण्यासारखे नसल्याने मी हिशेब मांडला. पाच गाण्यांची 20 मिनिटे आणि आकाशातून दाखवलेल्या समुद्रकिनाऱ्यांची व नामावल्यांची 15 मिनिटे वजा केली, तर उरलेल्या 105 मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेनऊ मिनिटे येतात. तेवढ्यात भेटायचे, भांडायचे, गैरसमज करून घ्यायचा, तो दूर करायचा आणि बोहल्यावर चढायचे. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर मालगाडी जाईपर्यंत आम्हीही एकमेकांची तोंडे पाहत उभे असतो, पण त्यातून आजवर कोणाचे लग्न जुळल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुष्कळ पात्रांची प्रेमकथा जमतच नाही असे मात्र मुळीच नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणले. त्यात अर्जुन आहे, सुभद्रा आहे, कृष्ण, रुक्मिणी, बलराम, नारद असा सगळा गोतावळा आहे. पण जो तो येऊन एकाच गाठीला हात घालतो, आणि ती गाठ म्हणजे सुभद्रेचे लग्न. बलरामदादांना तिच्यासाठी दुर्योधन हवा, तिला अर्जुन हवा, आणि कृष्ण वरवर दादांच्या होला हो म्हणत आतून सूत्रे हलवतो. प्रत्येक नवे पात्र येते ते गुंता वाढवायला. आमच्या चित्रपटात पाच गाठी पाच गावांत पडलेल्या होत्या, आणि त्या सोडवण्याचे काम अखेर विमानतळावरच्या एका योगायोगाकडे दिलेले होते. मांड्यासारखा प्रकार झाला. आमच्याकडची तरबेज बाई मांडा हातांवर ताणत ताणत पलीकडचे दिसेल इतका पातळ करते आणि तापलेल्या खापरावर टाकते, पण त्याआधी आत साखर भरायला ती विसरत नाही. इथे ताणणे तेवढे झाले होते.

तरीही मध्यंतराच्या थोडे आधी एक गोष्ट घडली. आत्याची ती अभिनेत्री एकदाची पडद्यावर आली. नायकाच्या मावशीची भूमिका होती. नायक अंगठीची डबी पुढे करतो, आणि ही बाई भांडी विसळत असलेला ओला हात पदराला पुसते. मग तो उलटा करून पुन्हा पुसते, आणि त्यानंतरच डबी हातात घेते. संवाद एकही नाही. पण ही अंगठी आपल्यासाठी कधीच कोणी आणली नव्हती, हे त्या दुसऱ्यांदा पुसण्यातून सबंध चित्रपटगृहाला कळले. लाह्यांच्या पुड्यात गेलेला आत्याचा हात तिथेच थांबला. मग त्या बाईने डबी मिटून परत दिली, “चहा टाकते,” म्हणाली आणि आत गेली.

ती परत आलीच नाही. मध्यंतर झाले, साडूभाऊंनी सिनेमाच्या तिकिटांहून महागडे सामोसे आणले, विनोदी नट दोनदा स्विमिंग पुलात पडला, देखण्या तरुणाने तीन वेळा शर्ट बदलला, पण चहा काही आला नाही. शेवटच्या सामुदायिक लग्नातही ती नव्हती. बहुधा तिच्या तारखा जुळल्या नसाव्यात. जोड्या मात्र पाचही जुळल्या.

“मावशी कुठं गेली रे?” आत्याने अंधारातच मला विचारले. मी म्हणालो, “आत चहा करतेय.” “इतका वेळ? दूध नासलं की काय!” पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिले. आम्हाला गप्प करायला वळले असतील असे वाटले, पण त्यांनीही हळूच तेच विचारले, “यायला पाहिजे होती की हो?”

घरी पोचलो तेव्हा नऊच्या नऊ जण दिवाणखान्यात बसून होते आणि कोणालाच आपापल्या लाडक्या नटाविषयी बोलावेसे वाटत नव्हते. मुलीने तर देखण्या तरुणाचे नावही काढले नाही. थोड्या वेळाने आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठली. आमच्या भागात बायकाही ‘येतो, जातो’ असेच बोलतात, त्या सवयीने ती म्हणाली, “बसा तुम्ही, मी चहा टाकतो.”

“आत्याआजी, परत ये हं!” मुलगा ओरडला, आणि सबंध संध्याकाळीत पहिल्यांदा सगळे एकदम हसले. आत्याही हसली. आत जाताना तिने हात पदराला पुसला, आणि मी काही न बोलता उठून तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो.