हाकललं नाही हो दादा, आवरायला सांगितलं

नमस्कार दादा. आमच्या हॉटेलला तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा सगळा रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. सगळ्यात आधी सॉरी, मनापासून. तुम्ही एवढ्या लांबून हाँगकाँगला फिरायला आलात, आईंना घेऊन आलात, मराठी बोलणारी मालकीण आहे असं कुणाकडून तरी कळलं म्हणून मुद्दाम शाम शुई पो भागात आमच्याकडे आलात आणि जाताना तोंड कडू करून गेलात, याचं वाईट वाटलंच. तुम्ही लिहिलंय की जागा जुनाट आहे, रेट्रोच्या नावाखाली गंजलेल्या खिडक्या दाखवतात, पहिला चहा म्हणजे रंगीत पाणी, दुसरा चहा 270 रुपये, अनोळखी माणूस आणून टेबलावर बसवला, वेटर बाई कप आपटते, आणि शेवटी "20 मिनिटात आम्हाला हाकललं, तेही मराठी बाईने".

बाकीचं मी ऐकून घेते. पण ते 20 मिनिटांचं नाही घेणार.

आमच्या बिलावर ऑर्डरची वेळ छापून येते दादा. तुमच्या बिलावर 12:51 आहे. त्याच्याआधी साधारण दहा मिनिटं मी स्वतः तुमच्या टेबलाशी उभी राहून मेन्यू सांगत होते, कारण भिंतीवर सगळं चिनीत लिहिलंय आणि आई हॅम वगैरे खात नाहीत. मॅकरोनी सूप नको, वरचं हॅम काढलं तरी पाणी मांसाचंच असतं, साते नूडल्स नको, त्यात बीफ आहे, अंडं चालतं का, चालतं, मग फ्रेंच टोस्ट घ्या, बन आमचा लोण्यावर होतो, जुन्या पद्धतीने डुकराची चरबी घालतात ती आम्ही घालत नाही, हे सगळं मी सांगितलं. भर लंचला. त्या दहा मिनिटात काउंटरवर माझे सासरे, वय 81, एकटे पैसे घेत होते. आणि मी तुम्हाला "जरा आवरता का, बाहेर लाइन लागलीय" म्हटलं ते 1:35 ला. खोटं वाटेल म्हणून सांगते, रात्री दुकान बंद केल्यावर मी कॅमेरा बघितला, हो, एवढं मनाला लागलं होतं. तुम्ही उठलात 1:50 ला. म्हणजे आल्यापासून 70 मिनिटं. 20 मिनिटं कुठली मोजलीत मला खरंच कळलं नाही, कदाचित शेवटचा बन आल्यापासूनची असतील, पण तो 1:04 ला आला होता, तरी 31 होतात.

आता तुम्ही म्हणाल 70 तर 70, पैसे देऊन बसलोय. बरोबर आहे. कॅफेत असतं तसं. पण हे चा-चान-थेंग आहे, म्हणजे इथल्या कामगार माणसाचं चहा-जेवणाचं हॉटेल, आणि दुपारी साडेबारा ते दोन ही आमची दिवसाची कमाई. एक ते दोन सगळ्या ऑफिसांची सुट्टी एकदम होते. माणूस येतो, बसायच्या आधी ऑर्डर सांगतो, पंधरा-वीस मिनिटात खातो, उठतो. आमच्याकडे 34 सीट आहेत. तुमच्या चार सीटवर त्या वेळात तीन वेळा माणसं बसून गेली असती. तुमची ऑर्डर तीन चहा, एक फ्रेंच टोस्ट, दोन बन, बिल 136 हाँगकाँग डॉलर, म्हणजे दीड हजाराच्या आसपास, तुम्ही दोन हजार लिहिलंय तेही तेवढं दुरुस्त करा प्लीज. भिंतीवर लंचला माणशी मिनिमम चार्ज लिहिलेला आहे, इंग्लिशमध्येसुद्धा, तो मी आई आणि छोट्याचा लावला नाही. उपकार म्हणून सांगत नाहीये, पण तुम्ही "लुटतात" हा शब्द वापरलात म्हणून सांगावं लागतंय.

चहाच्या किमतीचं थोडं सांगते आणि सोडते. 24 डॉलर गरम, थंडाला तीन जास्त, सगळीकडे साधारण असंच आहे. इथे कायद्याने किमान मजुरी आहे, मे 2025 ला ती तासाला 42.10 डॉलर झाली होती, आणि तेवढ्यात काम करायला कुणी येत नाही ही गोष्ट वेगळी. दुकानाचं भाडं तर विचारूच नका. शनिवार-रविवारी निम्मं हाँगकाँग हद्दीपलीकडे चीनमधल्या शेन्झेनला जेवायला जातं, स्वस्त पडतं म्हणून. असं चाललंय. आणि तो चहा आपल्यासारखा दुधात उकळलेला नसतो, सिलोनच्या तीन-चार प्रकारच्या पावडरी एकत्र करून, कापडी पिशवीतून या किटलीतून त्या किटलीत उंचावरून चार वेळा ओततात, मग कपात एव्हॅपोरेटेड मिल्क, म्हणजे डब्यातलं आटवलेलं दूध. पिशवी चहाने इतकी तपकिरी होते की बायकांच्या पायमोज्यासारखी दिसते, म्हणून त्याला इथे रेशमी मोज्याचा चहा म्हणतात. छोट्याने हसून हसून विचारलं होतं मला, तेव्हा तुम्ही फोनवर होतात. ही चहाची कला हाँगकाँग सरकारने 2017 ला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलीय. माझा नवरा पहाटे पाचला उठून हे करतो. त्याला मी तुमचा रिव्ह्यू वाचून दाखवला नाही, त्याला मराठी येत नाही हे बरंय.

रंगीत पाण्याचं मात्र माझं चुकलं. बसल्या बसल्या जो ग्लास येतो तो प्यायचा चहाच नाही, म्हणजे पितात लोक, पण पुष्कळजण त्यात चमचे-चॉपस्टिक विसळून घेतात. मी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही दोघांनी तो साखर घालून प्यालात हे मी लांबून बघितलं आणि तेव्हा सांगायचा धीर झाला नाही. त्याबद्दल परत सॉरी.

खिडक्या गंजलेल्या आहेत, कबूल. पण नाटक म्हणून लावलेल्या नाहीत. सासऱ्यांचं जुनं दुकान काउलून सिटीला होतं, कैटाक विमानतळाच्या अगदी जवळ, 1998 ला विमानतळ बंद होईपर्यंत विमानं डोक्यावरून जायची तेव्हा कपातला चहा थरथरायचा, मी स्वतः बघितलंय, मी मूळची डोंबिवलीची, इथे हिऱ्यांच्या ऑफिसात अकाउंट बघायला आले ती हँडओव्हरच्या, म्हणजे ब्रिटिशांनी हाँगकाँग चीनला परत दिलं त्याच्या आदल्या वर्षी, आणि दुपारचा टोस्ट खायला त्याच दुकानात जायची. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ती बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हा आम्ही लोखंडी खिडक्या, चार लाकडी बाक आणि भिंतीच्या हिरव्या टाइल्स जमतील तेवढ्या काढून इकडे आणल्या. निम्म्या टाइल्स काढतानाच फुटल्या. कोपऱ्यात फिका हिरवा रंग दिसतो ना, त्या नवीन आहेत, तसा रंग मिळालाच नाही. रंगारी बोलावते खिडक्यांना, बघू, पावसाळा संपू दे.

वेटर बाई 63 वर्षांच्या आहेत, कप आपटतात, गिऱ्हाइकावरच नाही माझ्यावरही आपटतात. सांगून बघितलंय.

टेबल शेअर करणं याला इथे दाप-थोई म्हणतात, सगळ्या जुन्या हॉटेलात चालतं, सहाच्या गोल टेबलावर चौघं बसले की दोन खुर्च्या रिकाम्या ठेवत नाहीत. आणि खरं सांगू का दादा, हे आपल्याला नवीन आहे का? डोंबिवली स्टेशनबाहेर उडप्याकडे दुपारी आपण खात असतो तेव्हा पुढचा माणूस आपल्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा असतो, आपण सांबार प्यायच्या आधी त्याची नजर वाटीत असते. तिथे आपण त्या उडप्याला एक स्टार देत नाही. परदेशात आलं की आपल्याला सगळं ऐसपैस पाहिजे, आणि मालकीण मराठी निघाली तर जरा जास्तच पाहिजे. चिडून लिहितेय असं वाटेल, थोडी चिडलेय.

तुमच्या शेजारी बसलेला "टक लावून बघणारा" माणूस मिनीबस चालवतो, वीस वर्षं आमच्याकडे येतो. तो तुमच्याकडे नाही, चिवड्याकडे बघत होता. हो, चिवडा. बाहेरचं खाणं आणू नये अशी पाटी आहे दारावर, पण आईंनी पिशवीतून डबा काढला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं, कारण तो कढीपत्त्याचा वास काउंटरपर्यंत आला आणि मला काही बोलवेना. आईंनी त्याला बशीत मूठभर चिवडा दिला. तुम्ही "आई, नको ना" म्हणालात. त्याने एक एक शेंगदाणा उचलून खाल्ला आणि मग त्यांना दोन्ही हातांनी बशी परत दिली. तुम्हाला हे रिव्ह्यूत लिहावंसं नाही वाटलं. परवा परत आला होता, विचारत होता की ते पिवळं कुरकुरीत काय ते मेन्यूत आहे का.

मान्य आहे की मी बोलले तेव्हा माझा आवाज चढा होता. बाहेर अकरा माणसं उभी होती, ताटं आतून येत होती आणि ठेवायला जागा नव्हती. कँटोनीज बोलून बोलून आवाजच तसा झालाय, माहेरी गेले की तिथेही म्हणतात भांडतेस का. तरी आईंसमोर तसं बोलायला नको होतं. एखादं मराठी-हिंदीतलं कार्ड करून टेबलावर ठेवायचा विचार आहे, विसळायच्या चहाचं, लंचच्या वेळेचं, काय खाता येईल त्याचं, लवकरच करते. आणि परत आलात तर दुपारी अडीचनंतर या, तेव्हा दुपारच्या चहाचा सेट असतो, स्वस्त पडतो आणि साडेपाचपर्यंत कुणी उठवत नाही, मी तर नाहीच.

स्टार बदला असं म्हणत नाहीये, तुमची मर्जी. फक्त ते 20 मिनिटांचं काढलंत तर बरं होईल, लोक तेवढंच वाचतात आणि पुढच्या दुकानात जातात.

आणि आईंचा स्टीलचा डबा टेबलाखाली राहिलाय. घासून काउंटरवर ठेवलाय. त्यावर नाव कोरलंय, आपल्याकडे कोरून घेतात तसं, मी ते इथे लिहीत नाही. सासरे रोज अक्षरांवरून बोट फिरवून विचारतात काय लिहिलंय. तुम्ही निघाला असाल तर पत्ता मेसेजमध्ये कळवा, मी दिवाळीला डोंबिवलीला येणार आहे, बरोबर घेऊन येते.