झालं गेलं म्हणणारा नंद्या

काल कट्ट्यावर चिलीतल्या लष्करी हुकूमशाहीत मारल्या गेलेल्यांचा विषय निघाला आणि नंद्याने लगेच नेहमीची टेप लावली, "अरे झालं गेलं गंगेला मिळालं, देश पुढे न्यायचा असतो!" हातवारे असे की जणू सँटियागोत शपथविधी याचाच होता.

माया म्हणाली, "न्यायचा कुणी? १९९० ला हुकूमशहा पिनोशे खुर्चीवरून उतरला, पण १९९८ पर्यंत लष्करप्रमुख तोच. सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला १९९१ ला, त्यात मेलेल्यांची नावं आहेत, मारणाऱ्यांची नाहीत. छळ सोसून जे जगले त्यांच्यासाठी वेगळा आयोग नेमायला २००३ उजाडलं."

"पण पिनोशेनंतरच्या राष्ट्राध्यक्ष एल्विनने टीव्हीवर रडत माफी मागितली ना!"

"ज्याने मारलं नव्हतं तो रडला. ज्यांनी मारलं त्यांनी १९७८ लाच कायदा करून स्वतःला माफ करून टाकलं होतं."

यावर नंद्या गप्प. माया थांबेना. चिलीतल्या कलामा शहरातल्या बायका आटाकामाच्या वाळवंटात फावडी घेऊन वर्षानुवर्षं आपली माणसं शोधत होत्या, १९९० ला खड्डा सापडला तर त्यात नुसते हाडांचे तुकडे, कारण लष्कराने आधीच उकरून प्रेतं हलवली होती. "जा, त्यांना सांग झालं गेलं."

सुध्याने अर्जेंटिना काढलं. तिथे अशाच आयोगाने गोळा केलेली माहिती कोर्टात गेली, १९८५ ला तिथला लष्करशहा विदेला याला जन्मठेप. "आणि १९९० ला राष्ट्राध्यक्ष मेनेमने सोडला की त्याला!" नंद्या उसळला. सोडला खरा, पण पुढे परत खटले उभे राहिले आणि २०१३ ला तो मेला तुरुंगातच. पिनोशे २००६ ला गेला, एकही शिक्षा न होता. मला तरी फरक इथेच दिसतो.

नंद्याचा एक मुद्दा मात्र खोटा नाही, की खटले रेटले तर लष्कर उलटतं. १९८७ च्या ईस्टरला अर्जेंटिनात बंड झालंच, आणि मग सरकारने खालच्या अधिकाऱ्यांना वाचवणारा कायदा केला.

"मग थांबा म्हण ना, विसरा कशाला म्हणतोस?" माया.

तेवढ्यात सुध्याची जुनी जखम उघडली. "हा विसराच म्हणणार! माझा कॅमेरा पाडला, कबूल केलं नाही, वर मलाच म्हणतो मैत्रीत काय धरून बसतोस."

"हाच तुझा १९७८ चा कायदा, नंद्या!"

"मी पाडला नाही, तो पडला!" नंद्या ओरडला आणि सगळे असे हसत सुटले की चिली राहिलं बाजूला, कॅमेरा कुणाच्या हातात होता यावरच साक्षीपुरावे सुरू झाले.