‘डोळे उघडले तेव्हा जमीन गेली होती’: आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज तीनदा आला. पाठवणारी माणसं वेगवेगळी, मजकूर तोच. आफ्रिकेत गेलेले मिशनरी म्हणजे बंगल्यात राहणारे गोरे साहेब. त्यांनी गोळ्या-औषधं आणि धान्य देऊन भोळी खेडी बाटवली, तिथल्या भाषा मारल्या आणि इंग्रजांना जमिनी मिळवून दिल्या. शेवटी ती प्रसिद्ध उक्ती: ‘ते आले तेव्हा त्यांच्याकडे बायबल होतं, आमच्याकडे जमीन. डोळे मिटून प्रार्थना करा म्हणाले. डोळे उघडले तर बायबल आमच्याकडे, जमीन त्यांच्याकडे.’

माझी सख्खी मावशी नन होती आणि नर्स होती. तिची बरीच वर्षं टांझानियातल्या एका खेड्यातल्या मिशन दवाखान्यात गेली. तिची पत्रं वाचत मी मोठा झालो, म्हणून मला गप्प बसवत नाही.

‘सगळे गोरे साहेब’

मी नाशिकचा. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण तिथल्या शरणपूरचा आफ्रिकेशी काय संबंध हे फार थोड्यांना माहीत असतं. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या संस्थेने १८५४ मध्ये ही वसाहत उभी केली. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवलेली मुलं इंग्रजी आरमार अरबी गलबतांवरून सोडवायचं आणि मुंबईला उतरवायचं. त्यातली कितीतरी मुलं शरणपूरच्या आश्रमात वाढली. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. पुढे आफ्रिकेत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत.

त्यांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८६४ मध्ये आपापल्या बायकांसह आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबईला परतले, मिशनरी म्हणून. १८८५ मध्ये दोघांनाही पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. किनाऱ्यावरच्या मालकांचे गुलाम पळून रबईत आसऱ्याला यायचे आणि जोन्स त्यांना परत पाठवायचा नाही. मालक चवताळले, हल्ल्याच्या धमक्या आल्या. अखेर तिथे कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीला मालकांना भरपाई द्यावी लागली आणि १८८९ च्या सुरुवातीला सुमारे १४०० माणसं कायदेशीरपणे मोकळी झाली. स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला, नाशिकला वाढलेला आफ्रिकी माणूस या सगळ्याच्या मधोमध उभा होता. प्रसिद्ध मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा १८७३ मध्ये आफ्रिकेतल्या एका खेड्यात मृत्यू झाला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइटही शरणपूरचाच.

पश्चिमेकडे पाहिलं तर सॅम्युएल अजायी क्राउदर. आजच्या नायजेरियातल्या योरुबा लोकांतला मुलगा, १८२१ मध्ये गुलाम म्हणून पकडला गेला, पुढल्या वर्षी सुटला आणि १८६४ मध्ये बिशप झाला. त्याच्या म्हातारपणी तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याच्या माणसांवर आरोप करून त्याला अपमानित केलं, हेही खरं आहे आणि ते वाचताना आजही राग येतो. पण त्याला इतिहासातूनच पुसून टाकणारा हा मेसेज त्या अपमानात भर घालतो.

‘बंगल्यात राहायचे’

काही जण राहायचे. वसाहतीच्या शहरांत तसे बंगले होते.

मावशीची खोली मात्र पत्र्याची होती. एक खाट, मच्छरदाणी, भिंतीवर क्रूस, आधी रॉकेलचा कंदील आणि बऱ्याच वर्षांनी सोलरचा दिवा. पहाटे प्रार्थना, मग पाणी भरणं. सात वाजता दवाखान्याच्या व्हरांड्यात आया रांगेत बसलेल्या असायच्या. बाळांना झोळीत घालून आकड्याच्या काट्यावर वजन करायचं, तापाच्या पोराचं रक्त तपासायचं, हिवतापाच्या गोळ्या संपल्या असतील तर तसं सांगायचं. हे सांगणं सगळ्यांत जड जायचं, असं ती लिहायची. दुपारी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि बीन्स. मार्च ते मे मोठा पाऊस. त्यात रस्ता वाहून गेला की अडलेल्या बाईला खाटेवरून चार माणसं उचलून आणायची. गावकरी तिला ‘म्हिंदी’ म्हणायचे, म्हणजे भारतीय बाई. तिला स्वतःला कितीदा हिवताप झाला, ते तिने मोजणंच सोडलं होतं.

आधीच्या पिढ्यांची कथा याहून कठीण. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनचे पहिले चौघे १८२८ च्या डिसेंबरात आजच्या घानाच्या किनाऱ्यावर उतरले. वर्ष व्हायच्या आत तिघे मेले, चौथा १८३१ मध्ये गेला. तरीही पुढची तुकडी निघाली. बंगल्याच्या हौसेपायी कोणी असं जात नाही.

आणखी एक गोष्ट मला मावशीकडूनच कळली. तिच्या पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, दूर दूर पसरलेली गावं जोडलेली होती आणि फादर एखाद्या गावात महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पोचायचे. मधल्या रविवारी प्रार्थना घेणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, मेलेल्याला माती देणारा माणूस म्हणजे गावचा ‘काटेकिस्टा’, धर्मशिक्षक. मक्याचं शेत, एक सायकल, झिजलेलं स्वाहिली बायबल. खेड्यातलं मिशन असल्या माणसांनी चालवलं. त्यांचे फोटो कुठल्याच मेसेजमध्ये येत नाहीत.

‘औषध आणि धान्य देऊन बाटवलं’

फायद्यासाठी नाव लिहिणारे प्रत्येक देशात, प्रत्येक धर्मात सापडतात. आफ्रिकेतही होते. पण या एका कारणाने सगळा हिशेब लागत नाही. मावशीच्या व्हरांड्यात मुसलमान आयाही बसायच्या आणि तशाच घरी जायच्या. विल्यम वाडे हॅरिस हा लायबेरियाचा माणूस १९१३ मध्ये पांढरा झगा, हातात क्रूस आणि तुंबा घेऊन अनवाणी आयव्हरी कोस्टमध्ये शिरला. त्याच्याकडे ना दवाखाना होता ना धान्याची पोती. दीडेक वर्षात लाखभर लोकांनी त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. फ्रेंच सरकारने घाबरून त्याला हद्दपार केलं. १९०० च्या सुमारास आफ्रिकेत जेमतेम १ कोटी ख्रिस्ती होते, आज ६० कोटींच्या वर आहेत, आणि यातली बरीचशी वाढ गोरे सत्ताधीश निघून गेल्यानंतरची आहे. इतक्या माणसांनी गोळीसाठी देव बदलला म्हणणं म्हणजे त्यांना डोकंच नाही असं म्हणणं.

‘भाषा मारल्या’

इथे तर मेसेज साफ चुकतो. क्राउदरचा योरुबा शब्दसंग्रह १८४३ चा आणि पूर्ण योरुबा बायबल १८८४ चं. दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमानला रॉबर्ट मोफॅट या मिशनऱ्याने तिथल्या सेत्स्वाना भाषेतलं बायबल १८५७ मध्ये पूर्ण केलं. योहान क्रिस्टालर या जर्मन मिशनऱ्याने घानातल्या ट्वी भाषेच्या तब्बल ३६०० म्हणी गोळा करून १८७९ मध्ये छापल्या. म्हणी गोळा करायला म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या शेजारी तासन्‌तास बसावं लागतं. ज्याला भाषा मारायची आहे तो हे करत नाही.

चालीरीतींबद्दल मी एवढं ठाम बोलणार नाही. ढोल बंद केले, नावं बदलली, पूर्वजांच्या स्मरणाला सैतानाचं काम म्हटलं, असं अनेक ठिकाणी घडलं. ते चूकच होतं.

‘जमीन गेली’

ती उक्ती कधी केनियाचे नेते केन्याटांच्या, कधी दक्षिण आफ्रिकेच्या आर्चबिशप टुटूंच्या नावावर फिरते आणि तिच्यात खरी वेदना आहे. १८८८ मध्ये आजच्या झिंबाब्वेतल्या लोबेन्गुला राजाला रड करार, म्हणजे त्याच्या मुलखातल्या खाणींचे हक्क देणारा करार, समजावून सांगणारा दुभाषा चार्ल्स हेल्म मिशनरीच होता. राजा फसला. पुढे सेसिल ऱ्होड्स या इंग्रज साम्राज्यवाद्याच्या राज्यात मिशनांना मोठाल्या जमिनी मिळाल्या. हे मी नाकारत नाही, कोणी नाकारूही नये.

पण बायबल हातात आल्यावर लोकांनी त्याचं काय केलं, हे ती उक्ती सांगत नाही. बेल्जियमचा राजा लिओपोल्डच्या ताब्यातल्या काँगोत रबरासाठी तोडलेले हात १८९९ मध्ये मोजले ते विल्यम शेपर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनऱ्याने. एका छावणीत धुरावर वाळवत ठेवलेले ८१ उजवे हात. १९०४ मध्ये मुलीचा तुटलेला हात आणि पाय समोर ठेवून बसलेल्या बापाचा फोटो काढला ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईने. ते फोटो इंग्लंडभर पडद्यावर दाखवले गेले, आणि १९०८ मध्ये काँगो लिओपोल्डच्या हातून गेला. सिमोन किम्बांगू हा तिथलाच प्रचारक. १९२१ मध्ये काही महिने प्रवचन केलं म्हणून बेल्जियन सरकारने त्याला तुरुंगात टाकलं, आणि ३० वर्षांनी तो तुरुंगातच वारला.

आणि जमिनीचंच विचाराल तर जॉन चिलेंब्वे. आजच्या मलावीतला बाप्टिस्ट पाद्री. गोऱ्यांच्या मळ्यांवर आपल्या माणसांना जमिनीच्या भाड्याच्या बदल्यात वेठीला राबवतात हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. १९१५ च्या जानेवारीत त्याने उठाव केला. काही दिवसांत तो मोडला आणि फेब्रुवारीत चिलेंब्वेला गोळी घातली. मलावीच्या नोटेवर आज त्याचा चेहरा आहे.