पेशंट गप्प, नातेवाईक खोटे

"काय काय खातो?"

जनावरांच्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला की आमच्या घरातली चारही माणसं एका सुरात म्हणतात, "काही नाही हो!" एरवी आमचं पंख्याच्या स्पीडवरही एकमत होत नाही.

बंडू तेव्हा वजनकाट्यावर उभा होता. काटा २६.४ दाखवत होता. डॉक्टरांनी त्याची फाइल उघडली. "मे महिन्यात एकवीस होता. म्हणजे काही न खाता सहा महिन्यांत जवळजवळ साडेपाच किलो. हठयोगी दिसतोय."

बंडूने शेपटी हलवली. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

बंडू आमचा कुत्रा. जात गावठी, पण हल्ली तिला 'इंडी' म्हणायचं असं कन्येने बजावलेलं आहे. सोसायटीच्या पार्किंगमधून तो एका पावसाळ्यात वर आला तो आमचाच झाला. डोंबिवलीतला कुठलाही रस्ता त्याला चालतो, फक्त दवाखान्याच्या अलीकडच्या वडापावच्या गाडीपाशी तो बसकण मारतो. तिथून पुढे मी ओढतो, आणि गाडीवाला गिऱ्हाइकांना म्हणतो, "थांबा, काकांना जाऊ दे."

या खेपेला जायचं कारण जरा नाजूक होतं. बायकोच्या बँकेतल्या मॅनेजरबाई घरी आल्या होत्या. पोहे हातात होते, विषय बदल्यांचा होता, आणि बंडू आतून आला. हॉलच्या मधोमध तो बसला, मागचे पाय हवेत धरले, आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत, बूड लादीला घासत, टीव्हीपासून गॅलरीपर्यंत गेला. मग वळला आणि परत आला. मॅनेजरबाईंचा चमचा तोंडाशी थांबला होता.

त्या गेल्यावर निदानाला सुरुवात झाली. आई म्हणाली, "जंत." समोरचे काका म्हणाले, "उष्णता. ताक पाजा." कन्येने फोनमध्ये शोधलं आणि वाचता वाचता रडायलाच लागली. मी घरचा कर्ता असल्यामुळे "दोन दिवस बघू" असं म्हणालो.

डॉक्टरांनी शेपटी वर केली आणि हातमोजा चढवला. त्यांच्या मदतनीस मुलाने काही न बोलता खिडकी उघडली आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. मी मात्र जिज्ञासेने पुढे वाकलो. शेपटीखाली, घड्याळात चार आणि आठ असतात त्या जागी, कुत्र्यांना दोन छोट्या पिशव्या असतात. शी घट्ट असली की दाबाने आपोआप रिकाम्या होतात. ती सैल असली, किंवा कुत्रा अंगाने सुटला असला, की त्या तुंबतात आणि मग तो बूड घासतो. "जंतांनीही होतं, पण बहुतेक वेळा हेच," असं म्हणून डॉक्टरांनी दाबलं. त्या वासाला मराठीत शब्द नाही. ओल्या बोंबलाच्या टोपलीत जुनी नाणी आठवडाभर ठेवली तर साधारण अंदाज येईल. मदतनीस मुलाने खिडकी का उघडली ते कळलं, पण उशिरा.

"आता खरं सांगा," डॉक्टर हात धूत म्हणाले. "काय काय खातो?"

डॉक्टर मूळचे वकील असावेत अशी मला शंका आहे. त्यांनी सगळ्यांना एकदम विचारलं नाही. एकेकाकडे बघत, थांबत थांबत विचारलं. सर्वात आधी आई फुटली.

"सकाळच्या चहाला दोन ग्लुकोजची बिस्किटं. पण ती मी खाते. तो नुसता बघतो."

"बघून?"

"बघून बघून मग देते."

बायकोने कबूल केलं की शेवटचा जो लहान गोळा उरतो त्याची पोळी त्याची असते. तूप लावून, कारण कोरडी तो खात नाही. कन्येने चीजचा उल्लेख 'कधीकधी' असा केला. मी गप्प होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "आणि रविवारची नळी?" रविवारी मटण झालं की बंडूला एक नळी देतो, हे मला वाटलं होतं फक्त मला आणि बंडूला माहीत आहे. शिजलेल्या हाडाची टोकदार कुसळं होतात, ती आतड्यात रुततात, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने माझ्याकडे 'बघ' अशा नजरेने पाहिलं आणि स्वतःची बाजू भक्कम करायला म्हणाली, "मी असलं काही देत नाही. शिरा केला की त्यातले बेदाणे तेवढे निवडून देते त्याला. गोड लागतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. एखादा कुत्रा मूठभर खाऊन हिंडतो, दुसरा चारदोन दाण्यांनी आडवा होतो, त्यामुळे 'इतके चालतील' असं कुणी सांगू शकत नाही. कांदा, लसूण त्याच पंगतीतले, त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटचं कन्येला ठाऊक होतं. आई बराच वेळ बंडूकडे बघत राहिली. आठ वर्षं ती ज्याला प्रसाद म्हणून भरवत होती, तो नशिबाने वाचला होता.

निघताना डॉक्टरांनी एक युक्ती शिकवली. आपला पंजा सरळ धरायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या पाठीमागच्या हाडांवरून फिरवायची. कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशा लागल्या पाहिजेत. तळहातासारखं मऊ लागलं तर जाड. बंडूच्या कुशीवरून बोट फिरवलं तर ते कापसाच्या गादीत रुतावं तसं रुतलं. घरी आल्यावर न्हाणीघरात दार लावून मी ही तपासणी स्वतःवरही करून पाहिली. निकाल सांगत नाही.

मग तीन आठवड्यांनी नानाचं झालं.

नाना हा बोका. पांढऱ्या तोंडावर नाकाखाली दोन काळे ठिपके, म्हणजे अगदी जुन्या फोटोतल्या नानांसारख्या मिशा. ऑपरेशन झालेला, घराबाहेर न जाणारा, पाकिटातला कोरडा खाऊ खाणारा, आणि पाण्याच्या वाटीकडे ढुंकून न बघणारा. बंडूच्या वेळेला आम्ही जे खोटं बोललो ते प्रेमातून होतं असं म्हणता येईल. नानाच्या वेळचं खोटं आळशीपणातून होतं, आणि ते फ्रिजवर लेखी स्वरूपात चिकटवलेलं होतं. त्याच्या शी-शूच्या ट्रेची पाळी कुणाची, याचा तक्ता. रोज साफ केल्याची बरोबरची खूण आणि सही. त्या आठवड्यात तीन दिवस सलग खुणा होत्या, तीन वेगळ्या सह्यांच्या, आणि ट्रेकडे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

गुरुवारी रात्री नाना ट्रेमध्ये गेला, बसला, कण्हला, बाहेर आला, स्वतःला चाटत राहिला. पाच मिनिटांनी परत गेला. मग परत. आई म्हणाली, "बद्धकोष्ठ," आणि एरंडेलाची बाटली घेऊन आली. पहिला थेंब नानाच्या मिशीवर पडला आणि उरलेलं चमचाभर तिच्या लुगड्यावर. मी नाकाला हात लावला. कोरडं आणि गरम. "ताप आहे," मी जाहीर केलं, आणि औषधांच्या डब्यातून आपली नेहमीची पॅरासिटामॉलची गोळी काढून सुरीने अर्धी केली. अर्धी म्हणजे अगदी हिशोबाने. नाना लहान म्हणून.

कन्येने डॉक्टरांना फोन लावला होता. गोळी दुधातून द्यायची की मधातून, एवढंच विचारायचं होतं.

"शू कधी केली शेवटची?" स्पीकरवर आवाज आला.

आम्ही चौघांनी फ्रिजकडे पाहिलं.

"बोका आहे ना? मग सकाळपर्यंत थांबू नका. आत्ता निघा. मी दवाखाना उघडतो."

पिंजरा माळ्यावर होता. एरवी माळ्याखाली स्टूल सरकवण्याचा आवाज झाला की नाना पलंगाखालच्या अशा कोपऱ्यात जातो जिथं झाडूही पोचत नाही. त्या रात्री तो जागचा हलला नाही. मी उचलला तर उचलू दिला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आईचं माहेर लालबागचं. तिच्या लेखी जनावरांचं इस्पितळ जगात एकच, परळचं बैलघोडा. "बैलघोड्यात न्या," असं ती डोंबिवली पूर्वेला रात्री साडेदहा वाजता रिक्षा थांबवताना सांगत होती. आमचे डॉक्टर परळच्याच कॉलेजात शिकलेत, ते कॉलेज १८८६ सालचं आहे, असं सांगितल्यावर तिचं थोडं समाधान झालं. रिक्षावाल्याने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. "मांजर? रात्रीचं?" बायको म्हणाली, "चला हो दादा. आडवं जाणार नाही, आपल्याच दिशेने चाललंय."

डॉक्टर पायजम्यावर होते. नानाचं पोट त्यांनी हातात धरलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "लिंबाएवढं घट्ट झालंय." बोक्याचा मूत्रमार्ग शेवटी फार अरुंद असतो. खड्यांची रेती आणि चिकट मळ यांचं बूच तिथं बसतं. मग लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबू शकतं. दिवस-दोन दिवसांत खेळ संपू शकतो. आणि घरच्यांना वाटत असतं, बद्धकोष्ठ.

थर्मामीटर त्यांनी जिथं घालायचा असतो तिथं घातला. नाकाचा आणि तापाचा संबंध नाही, हेही मला तिथंच कळलं. कुत्र्या-मांजरांचं अंग १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतंच. आपल्या हाताला ते गरम लागणारच. नानाला ताप नव्हता.

"घरी काही दिलं?"

या वेळी कुणी "काही नाही हो" म्हणालं नाही. आईने लुगड्यावरचा डाग दाखवला. मी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी पुडी उलगडली. "दिली?"

"नाही. तुम्हाला फोन लागला म्हणून राहिली."

ते खुर्चीवर बसले. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करताच येत नाही. रक्ताचा ऑक्सिजन वाहून न्यायचा गुणच जातो, हिरड्या तपकिरी पडतात. "अख्खी गोळी म्हणजे बहुतेक मेलंच. अर्धीसुद्धा घात करते." त्यांनी ती अर्धी गोळी उचलून स्वतःच्या खिशात टाकली. माझ्यावर विश्वास नसावा.

भूल देऊन नळी घातली. आम्ही बाहेर बाकावर. आई जप करत होती, मधेच थांबून मला विचारत होती, "ट्रेची पाळी तुझीच ना रे होती?" नाना दोन दिवस सलाईनवर तिथंच राहिला. तिसऱ्या दिवशी घरी आला तो गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालून. तिचा आकार हुबेहूब लाउडस्पीकरच्या भोंग्यासारखा. दर दारात तो अडकायचा आणि तिथंच उभा राहून आमच्याकडे बघायचा, जणू आता भाषण आहे.

मांजरांचे पूर्वज वाळवंटातले. त्यांना तहान कमीच. शिकारीतूनच पाणी मिळायचं. कोरड्या खाऊत पाणी जेमतेम दहा टक्के, म्हणून ओला खाऊ द्या, घरभर पाणी ठेवा, असं डॉक्टरांचं फर्मान. आता पाच ठिकाणी पाच वाट्या आहेत. नाना त्या पाचही सोडून आईच्या तांब्यात तोंड घालतो, आणि सोवळ्यातली आई त्याला "पी बाळा पी" म्हणते.

बूच पुन्हा बसू शकतं म्हणून पहिले काही दिवस डोळ्यात तेल घालून बघायचं होतं. शू झाली की डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर कळवायचं. फ्रिजवरचा तक्ता आईने टराटरा फाडला आणि रात्रपाळी स्वतःकडे घेतली. ट्रेशेजारी खुर्ची, मांडीवर शाल, हातात फोन. तिच्या फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर कन्येने घालून दिला होता, पण आईला उघडता येतो तो एकच ग्रुप, 'आपली माणसं'. तिथं सगळे बडोद्याच्या बातमीची वाट बघत होते. पुतण्याची बायको नववा महिना संपवून बसली होती.

पहाटे तीन वाजता आईने आम्हाला हाका मारून उठवलं. नाना भोंग्यासह ट्रेमध्ये बसला होता. आम्ही चौघं आणि बंडू श्वास रोखून उभे. आणि मग तो आवाज आला. बारीक, अखंड, बराच वेळ चाललेला. बायकोने माझा हात दाबला. लग्नात दाबला होता तसा.

आईने चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत संदेश टाकला: "झाली! छान झाली. सगळे आनंदात."

चिपळूणच्या मावशीला पहाटे झोप नसते. तिचं उत्तर लगेच आलं. "अभिनंदन!! लक्ष्मी आली! वजन किती?"

डॉक्टरांसमोर पुन्हा खोटं बोलायचं नाही, असं आईने ठरवलेलं होतं. तिने लिहिलं, "सहा किलो. एक किलो उतरवायचंय."

मग चिपळूणहून बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं.