सूर्योदय म्हणे समुद्रावर!

अरे, कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून बसलाय. सूर्य मागून, डोंगराआडून वर येतो. तरी दर वेळी फोटोग्राफीच्या ग्रुपवर तेच: 'सूर्योदयाला भेटू'. फोटोला हवा तो निळा उजेड त्याआधीच्या अर्ध्या तासातला, आणि तेव्हा ही मंडळी टपरीवर कटिंग पीत उभी!

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचंच नाही. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे गेल्या रविवारी पहाटे ओहोटी असेल तर या रविवारी भरती. खडक कुठून दिसणार?

एसी खोलीतला कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर दव धरतं. मग ते शर्टाने पुसायचं, खाऱ्या तुषारांसकट. ट्रायपॉड ओल्या वाळूत दाबून रोवायचा नाही, १० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर उघडं असताना, शेजारी नाचायचं, आणि वर विचारायचं, 'फोटो हलला कसा रे?'