ठाण्याच्या बेडरूममधल्या रॉकवूल आणि जिप्समच्या कामाबद्दल : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय नीट वाचला, फोटोही पाहिले. काम होतं वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेच्या बेडरूमचं : स्लॅबखाली आणि पश्चिम भिंतीला ५० मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), वरून १२.५ मिमी जिप्सम बोर्ड. तुमचं म्हणणं असं की रॉकवूलवरचं अॅल्युमिनियमचं फॉइल उलट्या बाजूला लावलं, जुलैत भिंतीच्या तळाशी ओल आली, सीलिंगला चिरा गेल्या आणि एवढं करूनही संध्याकाळी खोली तापते.

आधी फॉइलचं बोलतो, कारण तुमचं वाचून आणखी कोणी मिस्त्रीला फॉइल फिरवायला सांगितलं तर त्याच्या घराचं नुकसान होईल. ज्या व्हिडिओंत फॉइल किंवा प्लास्टिक खोलीच्या बाजूला लावतात, ते थंड देशांतले आहेत. तिथे घरात ऊब आणि दमटपणा, बाहेर गारठा. वाफ आतून बाहेर जाते. ठाण्यात उलट आहे. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो आकडा, २५ अंशांच्या आसपास असतो आणि तुमचा एसी २४ वर. वाफ बाहेरून आत येते. फॉइल बोर्डाच्या लगेच मागे असतं तर ती वाफ थंड फॉइलवर अडून तिथेच पाणी झाली असती, रॉकवूल भिजलं असतं, बोर्ड धरणारे लोखंडी चॅनल गंजले असते आणि बाहेरून महिनोन्‌महिने काही दिसलं नसतं. म्हणून फॉइल भिंतीकडे, म्हणजे गरम बाजूला. ते बरोबर आहे आणि तसंच राहू द्या. याच कारणासाठी त्या भिंतीवर ऑइल पेंट किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर लावू नका.

आता ओल. फोटोत डाग खालून वर चढलेला नाही. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका उतरून स्कर्टिंगपाशी साचलाय. हे बाहेरच्या प्लास्टरच्या चिरेतून आलेलं पावसाचं पाणी आहे. काम सुरू करण्याआधी त्या भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवलं होतं. थेंब भिंतीच्या बाजूला आले. थेंब खोलीच्या बाजूला आले असते तर तो हवेतला दमटपणा होता. म्हणूनच बाहेरची चीर भरून वॉटरप्रूफिंग करून घेणं ही कोटेशनमधली पहिली अट होती. सोसायटीची परवानगी रखडली आणि ते राहून गेलं, यात तुमचाही दोष नाही. पण हिरवा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) बोर्ड दमट हवेला टिकतो, वाहत्या पाण्याला नाही. भिंत आणि चॅनल यांच्यात २५ मिमी मोकळी जागा आणि बोर्डाखाली १० मिमी फट ठेवली, म्हणून रॉकवूल आजही कोरडं असण्याची शक्यता जास्त आहे. ही मोकळी जागा, रॉकवूल आणि बोर्ड मिळूनच खोली साडेतीन इंच कमी झाली.

सीलिंगच्या चिरा दोन प्रकारच्या आहेत. भिंतीला लागून कडेने गेलेली बारीक रेघ काँक्रीट आणि बोर्ड वेगवेगळे हलतात म्हणून पडते. तिथे पुट्टी कितीही भरा, परत फुटेल; रंग बसणारा अॅक्रिलिक सीलंट लागतो. मधली सरळ चीर मात्र बोर्डाच्या आडव्या जोडावर आहे. कारखान्यातल्या उभ्या कडा उतरत्या असतात, तिथे पेपर टेप आणि कंपाऊंडचे तीन हात सपाट बसतात. आडव्या जोडाला उतार नसतो, टेप किंचित वर राहते आणि रंगाआधी घासताना तिच्यावर पॉलिशपेपर जास्त फिरला की टेप कापली जाते. ती चीर आम्ही खरवडून, नवी टेप लावून, फूटभर रुंद कंपाऊंड ओढून देऊ. पैसे लागणार नाहीत. पण ऑक्टोबरमध्ये; पावसाळ्याच्या दमट हवेत एकेक हात वाळायला फार वेळ घेतो आणि घाई केली की पुन्हा तेच.

रॉकवूल घातलंय का ही शंका असेल तर एमसीबी बंद करून एक स्पॉटलाइट खाली ओढा. भोकाभोवती मुद्दाम तीन इंच मोकळे सोडलेत, त्यापलीकडे खाकी लोकर दिसेल. हातमोजे घाला, खाजतं. संध्याकाळी सहाला सीलिंगला हात लावा, मग पॅसेजमधल्या उघड्या स्लॅबला. नुसत्या स्लॅबच्या मानाने उष्णता चौथ्या हिश्शाखाली येते. शून्य होत नाही. तुमची खरी अडचण पश्चिमेची काच आहे. तिच्यातून ऊन थेट आत येतं आणि भिंतीतलं रॉकवूल त्याला काही करू शकत नाही. पडदा आतून नको, बाहेरून चिक किंवा छज्जा हवा. ऊन काचेच्या आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

आत्ता एवढं करा : स्कर्टिंग काढून ठेवा, डागावर रंग किंवा पुट्टी लावू नका, त्या भिंतीला कपाट टेकवू नका. बाहेरची चीर भरून झाल्यावर कळवा. खालचे दोन फूट बोर्ड कापून काढू, भिंत पूर्ण वाळू देऊ, लोकर ओली निघाली तर तेवढी बदलू आणि मगच नवा बोर्ड चढवू.