'चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाही' म्हणे!

दर काही महिन्यांनी ही पोस्ट फिरत येते: चांगला कोड स्वतःच बोलतो, कॉमेंट (कोडमध्येच माणसांसाठी लिहिलेली टीप) लिहावी लागली म्हणजे कोड फसला. सोबत तीन कारणं ठरलेली.

"कोडच्या तुकड्यांना नावं नीट द्या, पुरे." कोड काय करतो हे नावावरून कळतं, कबूल. पण का करतो? 2006 मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या एका मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्याने) ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमधल्या दोन ओळी बंद केल्या, कारण वॅलग्राइंड हे चुका शोधणारं टूल त्यांच्यावरून अनइनिशियलाइज्ड (आधी काही न भरता वापरलेल्या) मेमरीची कुरकुर करत होतं. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या. एक गेली तरी बिघडत नव्हतं. दुसरीतूनच रँडमपणाची खरी भर पडत होती. ती गेल्यावर एन्क्रिप्शनची गुप्त किल्ली बनवताना बदलणारं असं उरलं फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक), म्हणजे जेमतेम 32,768 शक्यता. मे 2008 मध्ये बिंग फुटेपर्यंत डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूवर एसएसएचच्या (दूरच्या संगणकात सुरक्षित लॉगिन करायच्या) असल्याच कच्च्या किल्ल्या बनत राहिल्या. आता नावं बघा: ती दुसरी ओळ ज्या फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात) होती, त्याच्या नावात 'रँड' (रँडम) आणि 'ॲड' (भर घाला) दोन्ही होतं! निरुपद्रवी ओळीशेजारी 'प्युरिफाय तक्रार करतं' एवढी कॉमेंट होती (प्युरिफाय हे वॅलग्राइंडसारखंच टूल). जिथे खरी हवी होती तिथे काहीच नाही. पुढे ओपनएसएसएलने तिथे ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही ओळ काढू नका', आणि खाली कारणही दिलं.

"कॉमेंट शिळ्या होतात." होतात की. कोडमध्ये दिसतंच ते पुन्हा सांगणाऱ्या, 'आय एकने वाढवा' छापाच्या खुशाल उडवा. पण शिळी तर नावंही होतात. 'सेंड ईमेल' नावाचं फंक्शन एसएमएस पाठवू लागतं, म्हणून कुणी नावं देणं सोडलं का? रिव्ह्यूमध्ये (सहकाऱ्याचा कोड तपासताना) कोडसोबत कॉमेंटही वाचायची, एवढंच.

"गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) इतिहास असतोच." तो उघडायला आधी शंका यावी लागते. डेबियनवाल्याला तर आली होती. त्याने ओपनएसएसएलच्या मेलिंग लिस्टवर विचारलंही, तरी ठाम 'नको' काही आलं नाही. पेमेंटनंतर 30 सेकंद थांबूनच बँकेला स्टेटस विचारायचा असेल, तर त्याचं कारण त्या 30 च्या शेजारीच हवं. रात्री प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम) पेटलेलं असताना कोण जुने कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) उकरत बसतं? त्यात मध्येच कुणी सगळ्या फाइलींवर फॉर्मॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) फिरवला असेल, तर गिट ब्लेम (ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) ओळीओळीला त्याचंच नाव सांगतं. आणि त्यामागच्या कमिटचे मेसेज बघावेत तर 'फिक्स', 'फिक्स 2', 'फायनल फिक्स'.